न दिसणारें दुखणें

आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाहीं, असें कित्येकांस वाटेल. परंतु ज्या दुखण्याचें नांव घेण्याचीहि लाज वाटते, त्याचा इतिहास एकदां तरी ऐकून घ्यावा, एवढीच विनंति आहे.

करी रोड स्टेशनापासून जवळच, पूर्वीच्या डिलाइल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत बी. डी. डी. चाळींच्या ३२ इमारती उभ्या राहिल्या. एकेका इमारतींत ८० खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची, आणि शौचकूप मजल्यावरील वीस बिऱ्हाडांत सामाइक. निरोगी माणसालाहि जेथें पहांटे रांगेंत तिष्ठावें लागे, तेथें रात्रींतून दहा वेळां उठावें लागणाऱ्या बाईची अवस्था काय होत असेल! अंधारांतून जावयाचें, घटकाभरानें पुन्हा जावयाचें, आणि सकाळीं सासूबाईंना कारण सांगण्याची सोय नाहीं.

हा क्लेश जुना आहे. चरकसंहितेंत जे तेरा वेग अडवूं नयेत म्हणून सांगितलें आहे, त्यांत मूत्राचा वेग आहे. तो अडविल्यानें बस्तींत शूळ उठतो, असें तेथें म्हटलें आहे. मूत्रकृच्छ्र ह्या एका नांवाखालीं आपल्या वैद्यांनीं अनेक विकार मोजले. आजची व्याधि मात्र वेग अडविल्यानेंच होते असें नव्हे. उलट ज्याला ती जडते त्याला वेग अडवितांच येत नाहीं.

पाश्चात्त्य वैद्यकांत १८३६ मध्यें फिलाडेल्फियाच्या जोसेफ पॅरिश ह्यांनीं, मूत्राशयांत खडा नसतांहि तशाच तीव्र वेदना भोगणाऱ्या रुग्णांचें वर्णन केलें. १८८७ मध्यें अलेक्झांडर स्कीन ह्यांच्या ग्रंथांत ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ हें नांव आलें. पुढें १९१५ मध्यें बाल्टिमोरचे गाय हनर ह्यांनीं कांहीं स्त्रियांच्या मूत्राशयांत विशिष्ट व्रण दाखविला. शोध मोठा खरा, पण त्यांतूनच एक अनर्थ ओढवला. व्रण थोड्याच रुग्णांत आढळतो. तो दिसला नाहीं कीं बाईला कांहीं झालेंच नाहीं, सारा मनाचा खेळ आहे, असा निवाडा होऊं लागला. डोळ्यांस जें दिसेना, तें दुखण्याच्या वहींतूनच खोडलें गेलें!

ही चूक दुरुस्त करण्यास रुग्णांनाच पुढें यावें लागलें. अमेरिकेंत व्हिकी रॅटनर ही वैद्यकाची विद्यार्थिनी स्वतः ह्या व्याधीनें गांजली होती. तिनें १९८४ मध्यें रुग्णांची संघटना स्थापिली. १९८७ मध्यें तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें तज्ज्ञांची बैठक भरवून निदानाचे निकष ठरविण्यास आरंभ केला.

आज इतकें तरी निश्चित आहे कीं जंतुसंसर्ग आणि ही व्याधि एक नव्हेत. लघवीच्या तपासणींत जंतु सांपडत नाहींत, जंतुनाशक औषधें वारंवार घेऊन गुण येत नाहीं. मूत्राशय भरतांच वेदना वाढते आणि तो रिता झाला म्हणजे थोडा वेळ उतार पडतो. अतिशय तीव्र प्रकारांत दिवसाकांठीं ६० वेळांपर्यंत जावें लागतें. ही व्याधि पुरुषांनाहि होते. समूळ बरें करणारा एक उपाय नाहीं. परंतु आहारांतील पथ्य, मूत्राशयाला हळूहळू लावलेली शिस्त, स्नायूंचे उपचार व औषधें ह्यांनीं पुष्कळांचें जीवन सुसह्य होतें. लघवींतून रक्त जात असेल किंवा ताप येत असेल, तर मात्र विलंब न करितां डॉक्टर गांठावा.

परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्यें सुरू झालें. करी रोडहून तें फार दूर नाहीं. दूर होता तो घरांतल्या माजघरापासून दाराच्या उंबऱ्यापर्यंतचा रस्ता. आपल्या घरांतील कोणी बाई प्रवास टाळीत असेल, लग्नसमारंभाला नकार देत असेल, पाण्याचा पेला परत करीत असेल, तर तिला हट्टी म्हणण्यापूर्वीं एकदां हळूच विचारावें. औषध पुढें मिळेलच. पहिला उतार, आपलें कोणी खरें मानलें, ह्यानेंच पडतो.