एक चौरस मीटरचा फॉलो-अप

पत्रकारितेच्या डिप्लोमात शिकवलं होतं, बातमीपेक्षा तिचा फॉलो-अप महत्त्वाचा. वीस वर्षांत मी किती केले, ते विचारू नका. वृक्षारोपणाचे फोटो मात्र दर पावसाळ्यात छापले. म्हणून अलास्कातली ही गोष्ट मला लागली.

तिथल्या ग्लेशियर बे भागात हिमनदी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळपास १०० किलोमीटर मागे हटली. बर्फ गेला की उरतात नुसते दगडगोटे. त्यावर आधी काय उगवतं, माती कशी बनते? १९१६ साली विल्यम कूपर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे गेला. त्याने एकेक चौरस मीटरचे चौकोन आखले, खुणा केल्या, आतली रोपं नकाशावर उतरवली. काही वर्षांनी परत येऊन पुन्हा मोजली. पुढे त्याचा विद्यार्थी डोनाल्ड लॉरेन्स मोजत राहिला.

पण शंभर वर्षं थांबणार कोण? म्हणून शॉर्टकट निघाला. बर्फाजवळची जमीन नुकतीच उघडी पडलेली, लांबची कधीचीच. ओळीने बघत गेलं की काळ उलगडला! म्हणजे गल्लीतलं बाळ, तरुण आणि म्हातारा बघून एकाच माणसाचं चरित्र लिहायचं. १९५५ मध्ये क्रॉकर आणि मेजर यांनी मातीही अशीच तपासली. आल्डरच्या झुडपांखाली नत्र साठतं, अल्कधर्मी जमीन काही दशकांत आम्ल होते. मग तिथे स्प्रूसचं जंगल. पाठ्यपुस्तकात हे चित्र पक्कं बसलं.

१९९५ मध्ये फास्टी या संशोधकाने दहा ठिकाणच्या झाडांची वर्तुळं मोजली, आणि घोटाळा उघडा पडला. सर्वांत जुन्या जागांवर आल्डरचं दीर्घकाळ राज्य कधी नव्हतंच. स्प्रूस तिथे सुरुवातीलाच रुजला होता. म्हाताऱ्याचं बालपण या बाळासारखं नव्हतंच म्हणा ना!

मग २०१६ च्या सुमारास ब्रायन बुमा यांनी जुन्या नोंदींवरून कूपरचे चौकोन शोधून काढले. शंभर वर्षांचा हिशेब लागला. ठरलेल्या क्रमाने जाती आल्याच नव्हत्या. सुरुवातीला योगायोगाने जे रुजलं, त्यानेच पुढच्यांची जागा अडवली. शॉर्टकट वाईट नाही हो, पण तो तपासायला कुणाची तरी जुनी वही लागते.

गेल्या महिन्यात मी इथल्या एका लागवडीची दहा वर्षांपूर्वीची यादी मागितली. कुठली जात, किती रोपं, कुठल्या गटात. उत्तर आलं, "फाइल सापडत नाही."

माझ्याकडे त्या दिवसाचा फोटो आहे. सगळे पाहुणे ओळखू येतात. रोप कुठलं, ते दिसत नाही.