'महात्मा' ते 'धर्मात्मा' : एका चित्रपटाची तीन वाचने

चित्रपटातला राजकीय संदेश शोधायचा म्हणजे नेमके काय शोधायचे, हा प्रश्न आपण सहसा फार लवकर सोडवून टाकतो. एखादे घोषणावजा वाक्य, फडकणारा झेंडा, पात्राच्या डोक्यावरची टोपी सापडली की आपला शोध संपतो. पण कोण कोणाकडे चालत जातो, कोणाच्या कृतीने कथा पुढे सरकते आणि कोण केवळ कृतज्ञतेने हात जोडून उभा राहतो, यातही संदेश असतो. 'प्रभात'च्या १९३५ सालच्या 'धर्मात्मा'कडे आम्हाला पुनःपुन्हा वळावेसे वाटते ते यामुळेच. या एका चित्रपटाची निदान तीन वाचने त्याच्या काळातच झाली, आणि तिन्हींना त्यात निरनिराळे राजकारण दिसले.

चित्रपटाला कात्री लावण्याची व्यवस्था ब्रिटिश सरकारने १९१८ च्या कायद्याने उभी केली आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परिनिरीक्षण मंडळे नेमली. लगेच पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, 'भक्त विदुर' वादात सापडला. महाभारतातल्या विदुराला गांधी टोपी आणि खादी घातलेली होती. मद्रासेत त्यावर बंदी आली. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तला कीचक कोण, हे प्रेक्षकांना १९०७ सालीच कळले होते आणि सरकारलाही ते उशिरा का होईना कळले. पुराणाच्या आडून वर्तमान बोलण्याची ही रीत चित्रपटाला रंगभूमीकडून आयती मिळाली. व्ही. शांताराम यांच्या १९३० च्या शिवकालीन मूकपटाचे 'स्वराज्याचे तोरण' हे नाव सरकारी आक्षेपामुळे बदलून 'उदयकाल' करावे लागले, तेव्हा या लपंडावाचे नियम दोन्ही पक्षांना पाठ झालेले होते.

पाच वर्षांनी त्याच शांतारामांनी संत एकनाथांवर चित्रपट काढला. के. नारायण काळे यांची कथा, नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व आणि नाव 'महात्मा'. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढणारे, त्यांच्या घरी जाऊन जेवणारे आणि त्यापायी धर्माधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेणारे नाथ पडद्यावर येत होते. येरवड्याचे उपोषण आणि पुणे करार १९३२ चे. गांधीजींचा हरिजन दौरा १९३३-३४ चा. परिनिरीक्षकांना 'महात्मा' या शब्दाचा रोख कोणाकडे आहे हे सांगावे लागले नाही. नाव बदलले आणि चित्रपट 'धर्मात्मा' झाला.

हे पहिले वाचन. परिनिरीक्षकांनी शब्द वाचला, आणि तोही एकाच अर्थाने. मुंबईतच १८८८ मध्ये जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी जनसभेत दिली गेली होती. पण शीर्षकात ती धोकादायक वाटली ती गांधीजींच्या आठवणीने. राजसत्तेला राजसत्तेविरुद्धचे राजकारण तेवढे ओळखता येते.

दुसरे वाचन पांढरपेशा प्रेक्षकाचे. बालगंधर्वांच्या सुरांवर वाढलेल्या या प्रेक्षकाला त्याच गायकाने, नाथांच्या रूपाने, अस्पृश्याच्या पंक्तीला बसून दाखवावे, ही घटना लहान नव्हती. मंदिरप्रवेशाच्या मागणीसाठी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून वर्षानुवर्षे चालवावा लागतो, अशा समाजात हे दृश्य दाखवण्याला धैर्य लागत होते. ते श्रेय 'प्रभात'ला दिलेच पाहिजे.

तिसरे वाचन डॉ. आंबेडकरांचे. १९३५ सालीच, १३ ऑक्टोबरला, त्यांनी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली होती. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' हे न झालेले भाषण त्यांनी १९३६ मध्ये छापले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याचा परामर्श घेताना संतांचा दाखला दिला. त्याला दिलेल्या उत्तरात, जे १९३७ च्या आवृत्तीत जोडले गेले, आंबेडकरांनी 'धर्मात्मा'चा नाव घेऊन उल्लेख केला आहे. त्यांचा आक्षेप दुहेरी आहे. चित्रपट ज्या नाथांना अस्पृश्यतेविरुद्धचा वीर म्हणून उभे करतो, त्यांनी विटाळाची कल्पनाच नाकारली नव्हती. तो गंगास्नानाने जातो अशी त्यांची श्रद्धा होती, हा पहिला. दुसरा त्याहून खोल आहे : संताने जात मोडली तर चालते, सामान्याने मोडू नये, हेच लोकांना शिकवले गेले, म्हणून संत पूजनीय ठरला, अनुकरणीय कधीच झाला नाही.

नाथांच्या भूतदयेविषयी, भारुडांतून त्यांनी उपेक्षितांना दिलेल्या वाणीविषयी वेगळे म्हणता येईल, आणि मराठीच्या अभ्यासकांनी ते म्हटलेही आहे. पण दुसरा आक्षेप नाथांपुरता उरत नाही. तो संतपटाच्या रचनेलाच लागू पडतो. संतपटात प्रकाश संतावर असतो. अस्पृश्य तेथे येतो तो संताचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी. तो अन्न स्वीकारतो, घरी बोलावतो, गहिवरतो. मागत मात्र काही नाही. येवल्यात आणि नाशकात जो माणूस हक्क मागत उभा होता, त्याला पडद्यावर जागाच नव्हती. प्रेक्षक नायकाला नमस्कार करून घरी जाई आणि त्याच्या घरची पंगत पूर्वीसारखीच बसे. परिनिरीक्षकांनी नाव खोडले. पण रचनेत दडलेला हा संदेश त्यांना दिसला नाही, आणि दिसला असता तरी त्यांनी तो खोडला नसता. त्यापासून कोणत्याच सत्तेला भय नव्हते.

या कथेला एक उत्तरार्ध आहे. 'महात्मा' हा शब्द शीर्षकात मिरवणारा मराठी चित्रपट पुढे आला, तो आचार्य अत्रे यांचा 'महात्मा फुले'. जानेवारी १९५४ मध्ये त्याच्या मुहूर्ताला डॉ. आंबेडकर उपस्थित होते. 'धर्मात्मा'वर टीका करणाऱ्याचे चित्रपट माध्यमाशी वैर नव्हते, हे त्यातून दिसते. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की पडद्यावरचा महात्मा दया करतो आहे की व्यवस्थेशी भांडतो आहे.

वर्गात चित्रपटाचा संदेश विचारला की विद्यार्थी सुविचार सांगतात : माणुसकी, समता, प्रेम. ते चूक नसते, पण अपुरे असते. त्यांच्यापुढे आम्ही आता दोन प्रश्न ठेवतो. या चित्रपटातले सत्तेने काय खोडले? आणि काय खोडावेसे तिला वाटलेच नाही? 'धर्मात्मा'च्या बाबतीत पहिल्याचे उत्तर एका शब्दात मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला आपल्याला आंबेडकरांपर्यंत जावे लागते.