डोंगरावरचे जहाज : लोणावळ्यात नौसैनिक कसा घडतो?

१. तुंगार्लीहून लोणावळ्याची बाजारपेठ ओलांडून भुशी धरणाच्या पुढे गेले की एक जहाज लागते. समुद्र मात्र कोठेच दिसत नाही. सुमारे ६२० मीटर उंचीवरचे हे जहाज म्हणजे ‘आयएनएस शिवाजी’, भारतीय नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र. नौदलाच्या परंपरेनुसार किनाऱ्यावरील तळालाही जहाजाचेच नाव मिळते. तेथील जमिनीला ‘डेक’ आणि मुदपाकखान्याला ‘गॅली’ म्हणण्याची सवय नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात लागते.

२. या केंद्राचा जन्म युद्धातला. १९३९ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीचे मनुष्यबळ दोन हजारांच्याही आत होते; १९४५ पर्यंत ते पंचवीस हजारांच्या पुढे गेले. जहाजे वाढली, तशी इंजिनखोली सांभाळणारी माणसेही हवी झाली. त्यासाठी १५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळ्यात ‘एचएमआयएस शिवाजी’ सुरू झाले. येथे प्रामुख्याने स्टोकर घडवले जात.

३. स्टोकर म्हणजे मूळचा बॉयलरच्या भट्टीत कोळसा लोटणारा खलाशी. पुढे कोळशाची जागा तेलाने घेतली, तरी नाव टिकले. पाणरेषेखालची कोंदट खोली, प्रचंड उष्णता, सतत हलणारी जमीन आणि क्षणाची चूक महागात पाडणारी यंत्रे, असे हे काम. त्याला बळ लागे. परंतु त्याहून अधिक लागे ते भान.

४. केंद्र सुरू होऊन एक वर्ष व तीन दिवस झाले, तोच १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी अन्न नाकारले आणि काम थांबवले. बघता बघता मुंबईपासून कराचीपर्यंतची जहाजे व तळ या संपात उतरले. चांगले अन्न, ब्रिटिश नाविकांइतके वेतन आणि शिवीगाळ करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई, या त्यांच्या मागण्यांत होत्या. राजकीय कैद्यांच्या सुटकेची मागणीही होती.

५. या यादीत एक गोष्ट नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कवायत कठीण आहे, अशी तक्रार कोणीच केली नव्हती. युद्धाच्या आगीतून निघालेल्या या तरुणांना कष्टांचे भय नव्हते. त्यांना सहन झाला नाही तो अपमान. २३ फेब्रुवारीला सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून त्यांनी शरणागती पत्करली. शेकडो जणांची नोकरी गेली. मात्र शिस्त आणि मानहानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा इतिहासात नोंदला गेला.

६. २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला आणि ‘एचएमआयएस’चे ‘आयएनएस’ झाले. आज नाविक म्हणून भरती झालेला तरुण थेट लोणावळ्यात येत नाही. त्याचा पहिला मुक्काम ओडिशातील ‘आयएनएस चिल्का’. अग्निवीरांसाठी तेथील प्राथमिक प्रशिक्षण १६ आठवड्यांचे असते. मार्च २०२३ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत सुमारे २,६०० अग्निवीर होते आणि त्यांत २७० हून अधिक तरुणी होत्या.

७. चिल्कात काय वाट्याला येते? पहाटेचे उठणे, कवायत, धावणे, पोहणे, शस्त्रांचे शिक्षण, वर्गातील पाठ. बिछान्याची घडी आणि बुटांची चकाकी यांचीही तपासणी होते. हे उगाच नव्हे. जहाजावर जागा अपुरी असते. एकाने सैल ठेवलेली वस्तू वादळात दुसऱ्याच्या डोक्यात बसू शकते.

८. त्यानंतर इंजिन विभागातील नाविक ‘शिवाजी’वर येतो. येथे यंत्रांच्या जोडीला जहाज वाचवण्याचे शिक्षणही मिळते. डोलणाऱ्या कृत्रिम कक्षात भोकांतून पाणी उसळते आणि ते भरत असतानाच लाकडी पाचरी ठोकून भोके बुजवावी लागतात. २०१९ मध्ये येथे ‘अभेद्य’ ही सुविधा सुरू झाली. आण्विक, जैविक व रासायनिक हल्ल्यात कसे वागावे, याचा सराव तीत होतो.

९. तयारी कशी करावी? अग्निवीर भरतीत मुलांना १.६ किलोमीटर अंतर ६ मिनिटे ३० सेकंदांत, तर मुलींना ८ मिनिटांत कापावे लागले आहे. त्यासाठी तुंगार्लीचा चढ हाताशी आहेच. पण केवळ धावणे पुरेसे नाही. पोहणे आधीच शिकावे. वेळेवर झोपावे, पहाटे उठावे. स्वतःचे कपडे स्वतः धुवावेत. गणित व विज्ञान सोडू नये. जमल्यास पान्हा हाती घेऊन एखादे यंत्र उघडून पाहावे. ‘शिवाजी’चे ब्रीदच ‘कर्मसु कौशलम्’ असे आहे.

१०. आणि मनाची तयारी? ओरडा बसेल, चुका निघतील, शिक्षाही होईल. तो कामाचा भाग समजावा. पाणी शिरू लागलेल्या कक्षात शेजारी उभा असलेला माणूस आपल्याच भरवशावर असतो. त्याला तो भरवसा वाटावा, यासाठी हा सारा खटाटोप. १९४६ च्या नाविकांनी मागितलेला मान आणि आजच्या प्रशिक्षणार्थीकडून अपेक्षित असलेली शिस्त एकाच दोराचे दोन पीळ आहेत. एक सुटला की दुसराही टिकत नाही.