कुमार गंधर्वांची बदलती आवड

गवयाची आवड बदलली की श्रोत्याला ती आपली फसवणूक वाटते. ज्या गाण्यावर आपण लुब्ध झालो तेच त्याने जन्मभर गावे, अशी आपली अपेक्षा असते. आणि तो ते गाईनासा झाला, की 'आता पूर्वीची गोडी राहिली नाही' असे म्हणून आपण मोकळे होतो. कुमार गंधर्वांच्या बाबतीत महाराष्ट्रातील श्रोत्यांनी हे पुष्कळ वर्षे केले. त्या श्रोत्यांत आम्हीही होतो, म्हणूनच हा विषय आम्ही निवडला आहे.

शिवपुत्र कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी झाला. तबकडी ऐकावी आणि ती हुबेहूब गाऊन दाखवावी, हे त्या मुलाचे पहिले गाणे. अब्दुल करीम खाँ, वझेबुवा असे थोर गवई त्याच्या गळ्यातून ऐकू येत आणि सभा थक्क होत असे. 'कुमार गंधर्व' हे नाव त्याला त्या वयातच मिळाले. मात्र नकलेत स्वतःची आवड असते असे म्हणता येत नाही. जे कानी पडते ते सारेच मुलाला आवडते. आवडीला निवड लागते. ती निवड कुमार मुंबईस प्रो. देवधरांकडे शिकले. देवधर पलुसकरांचे शिष्य खरे, परंतु एका घराण्याच्या कुंपणात बसणारे नव्हते. निरनिराळ्या गवयांकडून चिजा मिळविण्याचा त्यांना नाद होता. अंजनीबाई मालपेकरांचाही लाभ कुमारांना झाला. विशीत त्यांची कीर्ती झाली ती याच तयारीवर.

आणि मग क्षयाने गाठले. हवापालटासाठी १९४८ च्या आरंभी ते माळव्यात देवासला गेले. गाणे तर दूरच, बोलणेही बेताने करावे अशी अवस्था. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत आले. मधल्या काळात गळा बंद असला तरी कान उघडा होता. शेतावर जाणाऱ्या बायका, लग्नघरची गाणी, दारावर येणारे भिक्षेकरी, नाथपंथीयांची निर्गुणी भजने, हे सारे अंथरुणावर पडल्या पडल्या कानी येई. पत्नी भानुमतीबाईंच्या साह्याने ही लोकगीते त्यांनी जमविली.

येथे एक समज खोडून काढला पाहिजे. फुप्फुस निकामी झाले, दम पुरेना, म्हणून कुमारांची गायकी तुटक झाली, असे सर्रास सांगितले जाते. शरीराचा वाटा आम्ही नाकारीत नाही. अल्लादिया खाँसाहेबांचाही आवाज तरुणपणी अतिश्रमाने बसला होता आणि त्यानंतर त्यांची गायकी नव्या वळणाने गेली. पण दम कमी पडला म्हणून कोणी चार-पाच स्वरांच्या खेडवळ धुनेत रागाचे बीज शोधीत बसत नाही! ती निवड होती. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे त्यांचे धुनउगम राग त्या शोधातून आले. १९६५ साली 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्या बंदिशींबरोबर हे रागही आहेत.

आम्हां श्रोत्यांची तक्रार होती ती बढतीबद्दल. रागाची इमारत पायापासून सावकाश चढवावी, ही आमच्या कानांची सवय. कुमार एखाद्या स्वरावर अचानक झेप घेत आणि तेथेच थांबत. मैफलीतून घरी जाताना आम्ही त्याला शिस्तीचा अभाव म्हटले. पुढे कबीराची भजने ते गाऊ लागले. भजन म्हणजे मैफलीच्या शेवटी श्रोत्यांना द्यायचा प्रसाद, असे मानणाऱ्या आम्हांला त्यातला उभा, मोकळा सूर आधी कोरडाच वाटला. तोच सूर त्यांच्या ख्यालातही आहे, हे ध्यानात यायला वर्षे लागली. आवड त्यांची आधी बदलली. आमची मागून, आणि तीही कुरकुरत.

१९६५ सालीच त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. लोकधुना आणि निर्गुण यांच्या वाटेने निघालेला गवई नाटकाच्या पदांकडे परतला, हे पाहून पुष्कळांना हायसे वाटले असेल. आम्हांला मात्र नावातील 'मला' हा शब्द खटकला. बालगंधर्वांची पदे महाराष्ट्राला तोंडपाठ. त्यांत एकट्याला वेगळे काय उमजायचे? प्रत्यक्षात कुमार बालगंधर्वांचा आवाज काढीत नव्हते. शब्द कोठे सोडला आहे, लय कोठे अडवली आहे, साध्या फिरतीत रागाचे कोणते अंग दडले आहे, ते स्वतःच्या गळ्याने उलगडून दाखवीत होते. नऊ-दहा वर्षांचा असताना जो मुलगा तबकडी जशीच्या तशी गात असे, त्याला चाळिशी उलटल्यावर तसे गाण्याची गरज उरली नव्हती. बालगंधर्व त्या वेळी हयात होते. जुलै १९६७ मध्ये ते गेले.