तिरकं बघितलं की रंग का बदलतो? डॉक्टरांच्या स्क्रीनची गोष्ट

घरात एखादा जुना, स्वस्तातला लॅपटॉप असेल तर ऐकता ऐकता तो उघडा आणि स्क्रीन पुढे-मागे कलवा. चेहऱ्यांचे रंग बदलतील. एका कोनात तर चित्र चक्क निगेटिव्हसारखं दिसेल. पिक्चर बघताना ठीक आहे हो, पण स्क्रीनवर कुणाच्या छातीचा एक्स-रे असेल तर?

आधी हा प्रश्न फारसा नव्हताच. रोंटगेनने १८९५ मध्ये एक्स-रे शोधले आणि पुढे कित्येक दशकं डॉक्टर फिल्मच बघत आले. मागून उजेड देणाऱ्या पेटीवर फिल्म अडकवायची. समोरच्या डॉक्टरला आणि बाजूला उभ्या शिकाऊ डॉक्टरला जवळपास सारखंच दिसायचं. मग पिक्चर ट्यूबवाले मॉनिटर आले. त्यांच्या काचेवरचा लेप स्वतःच चमकतो, त्यामुळे उजेड सगळीकडे पसरतो.

घोळ झाला एलसीडीपासून. गंमत बघा, हे तंत्र एका औषध कंपनीत जन्मलं! स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात, हॉफमन-ला रोश कंपनीत, मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी डिसेंबर १९७० मध्ये 'ट्विस्टेड नेमॅटिक'चं पेटंट दाखल केलं. यात दोन काचांमध्ये लांबट रेणूंचा थर असतो, जिन्यासारखा ९० अंशांत पिळलेला. व्होल्टेज दिलं की रेणू उभे राहतात आणि उजेड अडतो. पण अर्धवट कललेल्या रेणूंकडे समोरून बघणं वेगळं आणि खालून बघणं वेगळं. उजेडाची वाट बदलते, आणि लाल, हिरवा, निळा प्रत्येकी वेगळ्या प्रमाणात बाहेर येतात. म्हणून रंग सरकतो.

घड्याळात आणि कॅल्क्युलेटरमध्ये हे चालून गेलं. दवाखान्यात कसं चालणार? मेडिकल इमेजेससाठी डायकॉम नावाचं स्टँडर्ड आहे. त्याचा १४ वा भाग सांगतो की करड्या छटांमधल्या पायऱ्या डोळ्याला समान वाटल्या पाहिजेत. पण मीटर सहसा स्क्रीनसमोर सरळ धरून मोजतात. तुम्ही खुर्ची बाजूला सरकवली की ते गणित ढळतं. फुप्फुसातला फिकट डाग आजूबाजूच्या करड्यात मिसळू शकतो. म्हणूनच अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २००५ च्या अहवालात कोनाची तपासणीही घातली.

मोठा उपाय म्हणजे आयपीएस. हिताचीने १९९६ च्या सुमारास हे पॅनेल बाजारात आणलं. यात रेणू उभे न राहता काचेला समांतर राहूनच फिरतात. फरक खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. अंधाऱ्या खोलीत तिरकं बघा, काळा रंग थोडा उजळलेला दिसेल.

आणि डायकॉमचा तो भाग फक्त करड्या छटांपुरता आहे. एंडोस्कोपीत सूज ओळखायची तर लालीच बघावी लागते. शस्त्रक्रियेच्या खोलीत सर्जन एका बाजूला, मदतनीस दुसऱ्या, स्क्रीन एकच. रंगांसाठी काय नियम असावेत, यावर अमेरिकेच्या एफडीएने रंगतज्ज्ञांसोबत २०१३ मध्ये परिषद भरवली.

मी सॉफ्टवेअरवाला. आम्ही कोडमध्ये रंगाचा आकडा लिहितो आणि काम झालं समजतो. पण तो आकडा कुणाला काय दिसेल, हे बघणारा कुठे उभा आहे त्यावरही ठरतं. त्यामुळे स्क्रीनवर दोघांना वेगवेगळं दिसलं, तर वाद घालण्याआधी जागा बदलून बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!