पंखांवरून पटते हिवाळी चिलटांची ओळख

युरोपात कडाक्याची थंडी पडली, की बहुतेक कीटक दिसेनासे होतात. अशा दिवसांतही ऊन पडलेल्या दुपारी झुडपांलगत डासांसारख्या किड्यांचा थवा वर-खाली नाचताना आढळतो. ही हिवाळी चिलटे होत. थव्यात नाचणारे बहुतांशी नर असतात. ही चिलटे चावत नाहीत. त्यांच्या अळ्या कुजलेला पाला, शेण, बुरशी यांवर वाढतात. ट्रायकोसेरिडी या त्यांच्या कुळात दीडशेहून अधिक जातींची नोंद आहे. एक जात दुसरीपासून वेगळी काढणे मात्र जिकिरीचे असते आणि त्याची सुरुवात पंखापासून होते.

कुळाची खूण

लांब पायांमुळे हिवाळी चिलटाची क्रेन माशीशी गल्लत होते. भिंगाखाली पाहिल्यास चिलटाच्या डोक्यावर, दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये, तीन बारीक साधे डोळे दिसतात. क्रेन माशीला ते नसतात. दुसरी खूण पंखावर असते. ट्रायकोसेरा या प्रजातीत पंखाच्या मागच्या कडेजवळची शेवटची शीर आखूड असते आणि एकदम वळून कडेला मिळते.

जातींतील फरक

प्रजाती निश्चित झाल्यावर पंखावर डाग आहेत का, हे पाहिले जाते. ट्रायकोसेरा अ‍ॅन्युलाटा आणि ट्रायकोसेरा हायेमालिस यांचे पंख स्वच्छ, बिनडागी असतात. त्यांपैकी अ‍ॅन्युलाटाच्या पोटावर फिकट व गडद पट्टे असतात, तर हायेमालिसचे पोट सरसकट काळपट असते. ट्रायकोसेरा रेगेलेशनिसच्या पंखात आडव्या शिरेभोवती धुरकट छटा दिसते. ट्रायकोसेरा मॅक्युलिपेनिसच्या पंखांवर तर अनेक ठळक ठिपके असतात. 'मॅक्युलिपेनिस' या लॅटिन नावाचा अर्थच 'ठिपकेदार पंखांचा' असा आहे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ मायगेन यांनी १८१८ मध्ये या जातीचे वर्णन केले.

पंखाच्या पुराव्याला मर्यादाही आहेत. नुकत्याच कोशातून बाहेर पडलेल्या चिलटाचा रंग फिका असतो आणि जुन्या नमुन्यांतील डाग पुसट होतात. त्यामुळे अंतिम निर्णयासाठी नराची जननेंद्रिये व मादीचे अंडी घालण्याचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात.

अंटार्क्टिकातील पाहुणा

ही ओळख पटवण्याचे महत्त्व अंटार्क्टिकात स्पष्ट झाले. उत्तर गोलार्धातील मॅक्युलिपेनिस हे चिलट २००६-०७ च्या उन्हाळी हंगामात किंग जॉर्ज बेटावरील उरुग्वेच्या आर्टिगास तळावर, सांडपाण्याच्या यंत्रणेत आढळले. पुढे बेटावरील इतर देशांच्या तळांवरही ते सापडले. अंटार्क्टिकात उडू शकणारा मूळचा कीटक एकच, पॅरोक्लस स्टाइनेनाय. त्यामुळे तेथे उडताना दिसलेला किडा मूळचा की उपरा, हे वेळीच कळणे अत्यंत निकडीचे ठरते. थंडी सोसणारे आणि काळोख्या, ओलसर जागी वाढणारे हे चिलट एकदा सांडपाण्याच्या नळांत स्थिरावले, की त्याचा नायनाट करणे अवघड होते.

अंटार्क्टिकाच्या पर्यावरण संरक्षणाचा करार १९९१ मध्ये माद्रिद येथे झाला. परवान्याशिवाय परक्या सजीवांना तेथे नेण्यास त्याने मनाई आहे. मैत्री आणि भारती ही केंद्रे चालवणाऱ्या भारतानेही २०२२ मध्ये अंटार्क्टिकाविषयी स्वतंत्र कायदा केला. मात्र परवाना न मागता सामानासोबत शिरणाऱ्या किड्याला कायदा अडवू शकत नाही. त्याला प्रथम ओळखावे लागते आणि त्यासाठी पंखांवरील ते ठिपके कोणाच्या तरी वेळीच नजरेस पडावे लागतात.