ठिपक्यांचे गणित

१६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचे ते मुख्य ठाणे झाले. त्या काळाचा मागोवा कागदपत्रांवरून घेता येतो. परंतु जी कला पहाटे अंगणात जन्मते आणि दिवस मावळण्यापूर्वी पायांखाली पुसली जाते, तिचा इतिहास कोणत्या पुराव्यावर रचावा?

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात धूलिचित्रांचा उल्लेख आहे. मात्र त्या चित्रांची आकृती आज कोठेच पाहावयास मिळत नाही. टिकून राहिली आहे ती संख्या.

१८९८ च्या प्लेगच्या सुमारास विकसित झालेल्या मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या वस्त्यांत आजही दारापुढे ‘चुक्की रांगोळी’ दिसते. कानडीत चुक्की म्हणजे ठिपका. ‘पंधरा ते आठ’ एवढे सांगितले की जाणती गृहिणी समजते: मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, पुढे दोन्ही अंगांस एकेक ठिपका कमी करीत आठापर्यंत यावयाचे. दोन अंकांत सबंध आकृतीचा सांगाडा सामावतो.

ठिपक्यांभोवती तिरप्या रेघेने वळसे घालण्याचा प्रकार याहून मार्मिक. ठिपके चौकोनात मांडून, कडेला पोचताच रेघ आत वळवीत गेल्यास पाच आणि चार ठिपक्यांच्या मांडणीत एकच अखंड रेघ सर्व ठिपक्यांना वेढून आरंभस्थानी परतते. सहा आणि चारांच्या मांडणीत मात्र ती अर्ध्यातच मिटते व दुसरी रेघ काढावी लागते. तीन-तीनांत तीन रेघा लागतात. रेघांची संख्या म्हणजे त्या दोन अंकांचा महत्तम साधारण विभाजक होय; शाळेत मुले जो ‘मसावि’ काढतात तोच.

दक्षिणेतील कोलमच्या या नियमबद्धतेकडे १९७४ च्या सुमारास मद्रासचे गिफ्ट सिरोमनी व त्यांचे सहकारी यांनी शास्त्रीय दृष्टीने पाहिले. आफ्रिकेत अंगोलातील चोक्वे लोकांच्या वाळूवरील चित्रांत हाच विभाजकाचा नियम पाउलुस गेर्डेस या गणितज्ञाने दाखवून दिला. तेथे ही चित्रे पुरुष काढीत, येथे स्त्रिया.

विभाजकाची व्याख्या ठाऊक नसतानाही कोणती मांडणी एका रेघेत पुरी होते, हे अंगणात बसून करून पाहिल्यानेच कळते. ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, त्या स्त्रियांनी हे ज्ञान हातोहात पुढे दिले. चित्र रोज पुसले गेले. त्यातील गणित मात्र दुसऱ्या दिवशीच्या पहाटेस तसेच उभे राहिले.